देवमनच्या नावाचं प्रमाणपत्र

मी एक जुना मोबाइल, मित्रांनो. परतवाड्याच्या दुकानात काचेमागे ऐटीत बसायचो, तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. देवमनने मला घेतलं. दोन वर्षं मी त्याला बाजारभाव नि क्रिकेट दाखवलं. मग त्याने नवा फोन आणला आणि मला बायकोकडे सरकवलं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.

पण बेबीताईने मला कामाला लावलं! सातवी शिकलेली बाई, घरी सहा शेळ्या. गावात दिवाळीनंतर पशुसखीची जागा भरणार होती, म्हणजे आजारी शेळ्या-कोंबड्यांवर पहिला उपचार करणारी बाई. त्यासाठी प्रमाणपत्र हवं. माझ्यावर एक फुकट ऑनलाइन अभ्यासक्रम सापडला, चोवीस धड्यांचा. एकेक अक्षर शोधत तिने नाव लिहिलं आणि शेळ्या चारता चारता शिकू लागली.

धड्यातले सर पुस्तकी बोलायचे. 'जंतनाशक' कळेना म्हणून तिने तेवढा भाग नऊ वेळा ऐकला. प्रश्न पाठवला की उत्तर यायचं, 'आपला प्रश्न नोंदवला आहे.' पुढे चिडीचूप. "याले इचारा तं हा मुका!" ती मलाच रागवायची. माझा काय दोष? सोबत सुरुवात केलेल्या मनकर्णाने तिसऱ्याच धड्याला हात टेकले, पण हिने सोडलं नाही.

परीक्षा पास झाली. प्रमाणपत्र उघडलं, तर त्यावर नाव देवमनचं! तिनेच लिहिलं होतं हो. लाइट बिल, घरपट्टी, माझं सिमकार्डसुद्धा त्याच्या नावाचं. कागदाने नाव विचारलं की नवऱ्याचं लिहायचं, ही सवय. तोंडाने ज्याचं नाव घेत नाही, ते हाताने लिहून मोकळी! आणि आता बदलायची सोय नव्हती.

देवमनने ते छापून भिंतीवर लावलं. शेजारचे नत्थुजी पोट फुगलेली बकरी घेऊन आले, तर हा आत हाक मारतो, "अवं, पाह्य नं जरा!" बकरी बेबीताईने बरी केली, शाबासकी मिळाली याला. मला असा संताप आला, पण मोबाइलने करावं काय?

त्याच दिवशी तिने तो कागद भिंतीवरून काढला. "शिकली मी, अन् नाव ह्यायचं? पुन्ना शिकीन. पयल्यापासून." नावाच्या रकान्यात या वेळी तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि मोठ्याने वाचून पाहिलं.

आता दिवाळी महिन्यावर आली आहे आणि माझी बॅटरी थकली आहे. मी मध्येच बंद पडतो. काल दारात भंगारवाला आला, जुन्या मोबाइलवर प्लास्टिकचा टब देणारा.

"देऊन टाक," देवमन म्हणाला, "काय कामाचा हाये तो?"

बेबीताईने मला पदराखाली घेतलं. "पाच धडे राह्यले हायेत माहे. टब नाई पायजे."

मित्रांनो, घरातला जुना फोन देऊन टाकण्याआधी एकदा विचारा, त्यावर कुणाचं शिकणं चालू तर नाही ना? मला काही फार वर्षं नकोत. पाच धडे आणि एक परीक्षा, एवढं मला जगू द्या.