दोन बोटं मोकळी जागा

धाकट्याने गॅरेजमागच्या शेडमध्ये सहा वर्षं खपून विमान बांधलं. इंजिन मोडीत निघालेल्या मोटारीचं. उडायचं झकास, पण चार मिनिटं वर चढलं की पाण्याच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. दोनदा ते वाफा सोडत खाली आलं होतं. शनिवारी तपासनीस शेवटचे येणार होते. याही वेळी काटा चढला तर विमान कायमचं जमिनीवर.

पाणी थंड करणारा रेडिएटर विमानाच्या पोटाखाली होता. त्याने वारा शिरायचं तोंड मोठं केलं. काटा ढिम्म. आणखी मोठं केलं.

"अरे, किती आ वासायला लावशील बिचाऱ्याला?" ताई डबा घेऊन आली होती. लोकांचे कपडे शिवून हिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला.

"हवा पुरत नाही गं त्याला."

"पुरत नाही, की पोटात जात नाही?"

वारा कुठून जातो ते दिसावं म्हणून तिने लोकरीचे बोटभर तुकडे कापून रेडिएटरच्या मागच्या बाजूला चिकटवले. चाकांना लाकडी ठोकळे लावून, तिला पंख्यापासून लांब शेपटीकडे बसवून त्याने इंजिन चालू केलं. बंद केलं तेव्हा ताई गुडघे झाडत उठली.

"मधले धागे झोपलेत. कडेचे नुसते थयथय नाचतायत. कडेला फट कशाला रे?"

"मुद्दाम ठेवलीय. दोन बोटं. रेडिएटरला श्वास घ्यायला."

ताईने कपाळाला हात लावला. "शहाण्या, गाळणी कपावर नीट बसली नाही की चहा कुठून जातो? कडेने! वारा मुलखाचा आळशी. उघडं दार सोडून तो जाळीत कशाला शिरेल?"

तिने कागदावर माप बेतलं, रबरी कापडाची पट्टी शिवली आणि सुईही शिरणार नाही अशी फट बुजवली.

शनिवारी तो वर चढला. चार मिनिटं. सहा. दहा. काटा मध्यावर येऊन थांबला. अडकला असेल म्हणून त्याने काचेवर टिचकीसुद्धा मारली. मग एकाएकी आठवलं, शाळेचा प्रत्येक सदरा ताई दोन बोटं सैल शिवायची. वाढत्या अंगाला. सैल ठेवणं म्हणजे जपणं, हे तो तिच्याकडूनच तर शिकला होता. खालची शेतं अंधुक झाली. काच मात्र स्वच्छ होती.

तपासनिसांनी सही केली. त्याने ताईचा हात धरून इंजिनाच्या झाकणावर ठेवला.

"अरे, भाजेल!"

"नाही भाजणार."

नाही भाजलं. ताईने हात तिथेच राहू दिला.

"ताई, तू..."

"कळलं," ती म्हणाली. "मागची सीट कुणाची?"

"तुझ्याच मापाची आहे. पहिल्या दिवसापासून."