वेगळा ग्लास ओळखा

सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने काउंटरवर नकाशा पसरला आणि पेन्सिलीने तीन वायनरींभोवती गोल काढले.

"सोबत वाटाड्या नाही. तुमची सायकल, तुमचा वेग. एकच सांगतो, शेवटच्या ठिकाणासाठी वेळ राखून ठेवा. तिथले साहेब स्वतः खेळ घेतात. लोक त्यासाठीच जातात."

"कसला खेळ?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना ठाऊक नसल्यासारखं.

"तीन ग्लास मांडतात. दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखला तर बाटली बक्षीस."

मी हेल्मेटचा पट्टा आवळत होते. गरजेपेक्षा जास्त आवळला.

तो खेळ नव्हे. प्रयोगशाळेत त्याला त्रिकोणी चाचणी म्हणतात. वाइनमध्ये दोष आहे असं कुणी म्हटलं, तर ते त्याच्या नाकाला खरंच कळतंय की नुसता भास आहे, हे तपासायची ती पद्धत आहे. त्या साहेबांकडे मी रसायनतज्ज्ञ म्हणून काम करत होते. एका टाकीतल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, ती बाटल्यांत भरू नका, असं मी सांगितलं. टाकी ओतून देणं साहेबांना नको होतं. त्यांनी सगळ्यांना चाखायच्या खोलीत बोलावलं, आतून तीन ग्लास भरून आणले आणि माझ्यासमोर ठेवले.

"दोनांत तुमची ती टाकी, एकात चांगली वाइन. चांगली ओळखा."

मी तिन्हींचा वास घेतला. पाणी प्यायले, थांबले, पुन्हा घेतला. तिन्हींत पुठ्ठा होता. मी तसं म्हटलं.

साहेब हसले. डावीकडचा ग्लास उचलून त्यांनी सगळ्यांना दाखवला. "ही चांगली. बाईंचं नाक गेलेलं दिसतंय."

खोलीत आमची सगळी माणसं होती. एकानेही तो ग्लास हातात घेऊन हुंगला नाही. साहेबांनी सांगितलं, विषय संपला. टाकी बाटल्यांत गेली आणि मी घरी. पुढे जिथे जिथे मुलाखतीला गेले तिथे ते वाक्य माझ्याआधी पोचलेलं असे. आता मी पिण्याच्या पाण्याची तपासणी करते. पाण्याला वास नसला की आमच्याकडे सगळे खूश असतात.

मला साहेबांकडून माफी नको होती. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच माणसांसमोर, त्याच चाचणीत ते नापास झालेले मला बघायचे होते.

हे मी फक्त सासूबाईंना सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याला सांगायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं. "तो समजूत काढत बसेल. समजुतीने कुणाचं काही झालंय का आजवर?" त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती.

पहिल्या चढावरच त्या माझ्यापुढे गेल्या आणि वळून ओरडल्या, "अगं, सूड घ्यायला निघालीस आणि मागच्या चाकात हवा कमी! उतर खाली."

पंप त्यांनीच मारला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षवेलींच्या रांगा होत्या आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला गुलाबाचं झुडूप. बुरशी आली तर ती आधी गुलाबावर दिसते, म्हणून लावतात. लोक मात्र त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात.

पहिल्या वायनरीत सासूबाईंनी थुंकायची बादली बघितली आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"थुंकायचंच असेल तर तोंडात घातलं कशाला?"

"आई, नाक आणि तोल दोन्ही शाबूत राहायला हवेत."

"तुझे राहू देत. माझा तोल सायकलीला ठाऊक आहे." त्यांनी घोट गिळला आणि भुवया उंचावल्या. "बरी आहे की!"

दुसरी वायनरी एका बाईची होती. पत्र्याची शेड, लहानशा टाक्या, दारात वाळत घातलेले रबरी बूट. मी तिच्या तांबड्या वाइनचे नमुने पांढऱ्या कागदावर धरून रंग बघितला, मग वास घेतला. एकाशी थांबले. रंग साहेबांच्या बक्षीसवाल्या वाइनसारखाच, वास मात्र चिरलेल्या ढोबळी मिरचीचा, ठळक. द्राक्षं जरा लवकर तोडली की असा येतो.

"ही साधी आहे हो," बाई संकोचून म्हणाली.

"मला हीच हवी आहे."

बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मी पुढच्या टोपलीत ठेवली. सासूबाई सायकल माझ्या बरोबरीला आणून म्हणाल्या, "हिचं काय करायचं? त्याने केलं तसं तूही कर. तिन्हींत एकच ओत."

"नाही. मी खरंच वेगळी ओतणार आहे."

"आणि त्याने ओळखली तर?"

"वास घेतला तर ओळखतील. सर्दी झालेला माणूससुद्धा ओळखेल."

"मग गं?"

"ते वास घेणार नाहीत."

सासूबाईंनी हँडलवरची घंटी वाजवली. "चोराच्या मनात चांदणं!" त्या म्हणाल्या आणि इतक्या मोठ्याने हसल्या की वेलींतून पाखरं उडाली.

साहेबांची चाखायची खोली बदलली होती. पूर्वीच्या लोखंडी टेबलाच्या जागी गुळगुळीत लाकडी काउंटर आला होता. भिंतीवर पाटी होती: 'वेगळा ग्लास ओळखा.' सायकलवरून आलेली बरीच मंडळी गुडघे चोळत उभी होती. मी हेल्मेट आणि गॉगल तसेच ठेवून मागे उभी राहिले. ग्लासांचा ट्रे घेऊन पिंपवाले काका आले. पिंपांची देखभाल तेच करत. त्या दिवशीही ते खोलीत होते. त्यांची नजर माझ्यावर अडकली, मग ते ट्रे घेऊन साहेबांकडे वळले.

साहेब जाडे झाले होते, खुशीत होते. खेळ रंगला. एका नवविवाहित जोडप्याने दोन वेगवेगळे ग्लास निवडले आणि दोघंही चुकले. साहेब म्हणाले, "संसार सुखाचा होणार, दोघांचं एकमत आहे, चुकण्यावर!" हशा पिकला.

तो ओसरायच्या आत सासूबाईंचा मैदानावरचा आवाज आला. "साहेब, आता तुमची पाळी! मास्तरांनीही कधी पेपर द्यावा."

लोकांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी कोटाच्या बाह्या सारल्या. "या की! ओतणार कोण?"

"माझी सून."

मी हेल्मेट काढलं, गॉगल काढला. साहेबांनी मला ओळखायला वेळ लावला नाही. हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून गेलं.

"बाई! तुम्ही? नाक कसं आहे आता?"

"जागेवर आहे. तुम्ही जरा बाहेर थांबा, मी ओतते."

ते व्हरांड्यात गेले आणि पाठ करून उभे राहिले. मी फडकं सोडून दुसऱ्या वायनरीतली बाटली सगळ्यांना दाखवली, ओठांवर बोट ठेवलं. दोन ग्लासांत साहेबांची वाइन ओतली, मधल्यात ती साधी. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. नवविवाहितेने मधला ग्लास पटकन हुंगला आणि तोंडावर हात दाबून खुदखुदली. खसखस पसरत गेली. ती व्हरांड्यापर्यंत ऐकू जात असणार. जाऊ दे, मला तेच हवं होतं.

साहेब आत आले. हसणारे चेहरे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. ग्लासांकडे नाही. मी प्रयोगशाळेत उभी राहायचे तशी, हात मागे बांधून, उभी होते.

"ओळखा," मी म्हटलं. "एक वेगळी आहे."

त्यांनी ग्लास उचललाच नाही. बोटाच्या टोकाने तिन्ही माझ्याकडे सरकवले.

"मंडळी, याला वास घ्यायची गरज नाही. तिन्हींत एकच वाइन आहे. बाईंनी माझीच युक्ती माझ्यावर चालवली."

"युक्ती?" सासूबाई निरागसपणे म्हणाल्या. "कसली हो?"

साहेब रंगात आले होते. ऐकणारे समोर असले की त्यांना आवरत नसे. "सोपी आहे. ओतायची तिन्हींत एकच. म्हणायचं, एक वेगळी आहे. मग समोरचा काहीही म्हणाला तरी..."

तिथे ते थांबले. पण वाक्य पुरं व्हायची गरज राहिली नव्हती. पिंपवाले काकांनी ट्रे काउंटरवर ठेवला.

"म्हणजे त्या दिवशी," काका सावकाश म्हणाले, "बाई बरोबर होत्या."



"पण यात वेगळी आहे की!" नवविवाहिता म्हणाली. "आम्ही ओतताना बघितलं. वाससुद्धा केवढा येतोय!"

ग्लास हातोहात फिरला. प्रत्येकाने हुंगला. "मिरची," एकजण म्हणाला. "ढोबळी मिरची," दुसऱ्याने दुरुस्त केलं. साहेबांनी तो ग्लास जवळजवळ हिसकावून घेतला आणि नाकाशी नेला. त्यांचं नाक उत्तम आहे, ते मी कधीच नाकारलं नाही. मिरची त्यांना त्याच क्षणी कळली. त्यांच्या मानेपासून वर चढत गेलेला लाल रंग मी नीट बघितला. रंग बघणं माझं काम होतं.

"मधली," ते म्हणाले. "मधली वेगळी आहे."

"आता नाही चालत," सासूबाई म्हणाल्या आणि शिट्टी वाजवली.

लोक पोट धरून हसले. कुणाच्या तरी हातातला मोबाइल उंच धरलेला होता.

मी बाटलीचं तोंड पुसून बूच लावलं. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "काय मिळालं तुम्हाला यातून?"

"काही नाही. साहेबांचं नाक गेलेलं दिसतंय, एवढंच."

त्यांनीच बनवलेलं वाक्य होतं. मी फक्त नाव बदललं.

बाहेर पिंपवाले काका माझ्या सायकलीचं स्टँड काढून ती धरून उभे होते. त्यांना काही बोलायचं होतं. मी हँडल हातात घेतलं आणि म्हटलं, "काका, त्या दिवशी तो ग्लास तुमच्या हाताशी होता." त्यांनी मान खाली घातली. मी थांबले नाही.

परतीचा चढ उन्हातला होता. सासूबाई या वेळी मागे राहिल्या होत्या, धापा टाकत.

"बरं वाटलं का गं?"

"हो."

"लोक म्हणतात, सूड घेऊन बरं वाटत नाही."

"त्यांनी घेऊन बघितला नसेल, आई."

चढ संपला तिथे एका गुलाबाच्या झुडपाशेजारी आम्ही सायकली टेकवल्या. मी बूच काढून सासूबाईंच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणात त्यांना थोडी ओतून दिली. मग मला. वास घेतला. देठासकट मिरची. साधीच वाइन होती, पण स्वच्छ. पुठ्ठ्याचा मागमूस नव्हता.

सबंध दिवसात पहिल्यांदाच मी घोट गिळला.