मी, कोंडलेली टाकी

मी एक जुनी फ्लशची टाकी आहे. मित्रांनो, हसून घ्या, मी थांबते.

भट्टीतून निघाले तेव्हा मी दुधासारखी पांढरी होते. पुढे एका दवाखान्याच्या संडासात भिंतीवर बसले. भरायचे आणि सोडायचे, एवढेच माझे काम. कौतुक कुणी केले नाही. पण एकदा बिघडले, तर डॉक्टरांपासून पेशंटपर्यंत सगळ्यांच्या तोंडी माझेच नाव होते.

दवाखाना नवा झाला आणि मी भंगारात निघाले. नळदुरुस्तीवाल्या काकांनी मला घरी आणले. शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मला गॅलरीत दोन विटांवर ठेवले, माती भरली आणि बारमाही स्ट्रॉबेरीची तीन रोपे लावली. रोपे दिली होती त्यांच्या मोठ्या जाऊबाईंनी. देताना म्हणाल्या, "घे. तुझ्या हातून तुळससुद्धा टिकत नाही, पण घे." पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी येऊन बघते, असेही बजावून गेल्या.

रोपांनी जोर धरला. फुले आली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर हाक मारली, "अहो, तुमची टाकी माझ्या चादरींवर गळतेय."

टाकी गळतेय! काकांच्या कानांना एवढे पुरे होते. काकू कापड आणायला गेल्या होत्या. काकांनी मला कलती केली आणि माझ्या बुडाचे भोक सिमेंटने बुजवून टाकले. आयुष्यभर गळत्या बंद केल्या; हीही केली, आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पाणी घातले. ते खाली उतरले आणि तिथेच राहिले. मुळे बुडाली. पाने मलूल झाली. काकूंना वाटले, तहानली बिचारी. त्यांनी आणखी पाणी घातले. पाने आणखी वाकली, पाणी आणखी आले. पूर्वी मी निदान खळखळाट तरी करत असे. आता माती तोंडापर्यंत भरलेली, बोलणार कुठून?

शनिवारी काकू रडकुंडीला आल्या. "अहो, ही सावलीत सरकवा."

काकांनी मला हलवले आणि ते थबकले. माझ्या अंगाला कान लावून म्हणाले, "आत पाणी उभं आहे."

"मग जात का नाही?"

काकांनी माझ्या बुडाखाली बोट फिरवले. "मी बुजवलंय."

"कशानं?"

"चांगलं सिमेंट आहे. काही झालं तरी निघायचं नाही."

"शाबास," काकू म्हणाल्या. "आता काढा."

काकूंनी मला विटांच्या कडेवर धरले. काका खाली आडवे झाले आणि छिन्नीवर हातोडी मारू लागले. तिसऱ्या घावाला माझ्या कोपऱ्यातून एक चीर वर सरकली.

"फुटेल हो."

"फुटली तर फुटली. रोपं तरी वाचतील."

मित्रांनो, हे मी ऐकत होते. पुढचा घाव बसला, सिमेंट उडाले आणि कुजकट काळे पाणी काकांच्या तोंडावर आले. तोंड मिटलेले ठेवणेच शहाणपणाचे होते. चीर माझ्या काठापाशी येऊन थांबली.

एक रोप गेले होते. उरलेल्या दोन्हींची मुळे अर्धी कुजलेली. अशा रोपाला फुले पोसवत नाहीत. रविवारी सकाळी काकूंनी कात्री घेतली आणि जाऊबाईंना दाखवायची फुले एकेक करून कापून टाकली.

जाऊबाई आल्या, चष्मा पुसून वाकल्या. "हे काय गं, नुसती पानं?"

"मुळं धरू देत आधी. फळांचं नंतर बघू," काकू म्हणाल्या.

आता टोमणा येणार, म्हणून काका आधीच स्वयंपाकघरात सटकले. जाऊबाईंनी पानांखाली बोट घातले. तिथे एक फूल नजरचुकीने राहिले होते. त्यांनी ते नखाने खुडले आणि काकूंच्या तळहातावर ठेवले.

मित्रांनो, रोप मान टाकू लागले तर लगेच तांब्या उचलू नका. आधी मातीत बोट घाला. आणि माझ्यासारख्या जुन्या भांड्यात काही लावलेत, तर घरातल्या हुशार माणसाला त्याच्या बुडापासून जरा लांब ठेवा.