माझा दिवा दोनदा लागला

मित्रांनो, खर्ड्यात किल्ल्याकडे जाताना डाव्या हाताला एक पत्र्याचं घर लागतं. त्या घराच्या स्वयंपाकखोलीत, कोपऱ्यात, एक पाय मोडल्यामुळे विटेवर टेकून उभा असलेला जुना फ्रीज म्हणजे मी. विटेवर उभा आहे खरा, पण माझ्या पाया कोणी पडत नाही. मला बोलता येत नाही. थोडं घुरघुरता येतं, आतलं गार ठेवता येतं आणि कोणी दार उघडलं की पोटातला छोटा दिवा लावता येतो. माझी भाषा एवढीच. ती कमी पडली, त्याची ही गोष्ट आहे.

कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते नगरच्या दुकानातलं काचेमागचं उभं राहणं. एसटीत ड्रायव्हर असलेले काकासाहेब रिटायर झाले आणि मला टेम्पोत घालून घरी घेऊन आले. त्यांच्या बायकोने, रतनबाईंनी, माझ्या दाराला कुंकू लावलं, पुढे नारळ फोडला. माझा रंग तेव्हा लालभडक होता. आळीतल्या बाया बर्फ मागायला यायच्या. शेजारच्या साळूबाई तर नुसतं दार उघडून तोंडावर गार हवा घ्यायच्या आणि म्हणायच्या, "रतने, तुज्या घरात महाबळेश्वर आलंय गं!"

पुढे घरोघरी फ्रीज आले आणि माझं कौतुक ओसरलं. अंगाला गंज चढला. माझ्यात दूध, मिरच्या आणि उरलेली आमटी एवढंच राहू लागलं. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, ते काही खोटं नाही.

मग मुकादम आला आणि मी पुन्हा कामाचा झालो.

मुकादम म्हणजे बोका. ऊसतोडीला निघालेली टोळी गाडीत बसून गेली आणि हे पिवळं पिल्लू मागे धुळीत राहिलं. काकासाहेबांनी त्याला टोपीत घालून आणलं. मोठा झाल्यावर तो ऊसतोड टोळीच्या मुकादमासारखा पोट पुढे काढून, कोणाचीच पत्रास न ठेवता घरभर फिरायचा, म्हणून मुकादम. या घरात पाळणा कधी हलला नाही. त्यामुळे दोघांची सगळी माया या चार पायांच्या मुकादमावर. तो झोपायचा माझ्या डोक्यावर. दोघे भांडले की एकमेकांशी न बोलता त्याच्या मार्फत बोलायचे. "मुकादम, सांग त्यांला, भाकर वाढलीया." "मुकादम, सांग तिला, भूक न्हाई मला." मुकादम मिशा चाटत दोघांचं ऐकून घ्यायचा आणि थोड्या वेळाने भाकरी संपलेली असायची.

एका उन्हाळ्यात तो सारखा पाणी पिऊ लागला. खायचा भरपूर, पण अंगाची नुसती काडी झाली. रतनबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. उतरली नाही. शेवटी जामखेडला जनावरांच्या डॉक्टर ग्रेस मॅडमकडे नेलं. त्यांनी कानाच्या कडेतून थेंबभर रक्त काढून पाहिलं. मुकादमाला मधुमेह झाला होता. गाव हसलं. "मांजराला शुगर! आता त्याला बिनसाखरेचा चहा पाजा!" असं पारावरचे लोक म्हणाले. रतनबाईंना मात्र हसू आलं नाही.

तेव्हापासून इन्सुलिनची बाटली माझ्या दाराच्या कप्प्यात राहू लागली. पहिल्याच दिवशी काकासाहेबांनी ती जास्त गार राहावी म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवली. औषध गोठलं आणि वाया गेलं. ग्रेस मॅडमनी मग पुन्हा सगळं समजावलं. बाटली हलवायची नाही, तळहातांत हळूच फिरवायची. मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई द्यायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि आधी घास, मग सुई. तो लटपटू लागला, पाय ओढू लागला, तर साखर फार उतरली असं समजायचं आणि हिरड्यांना गुळाचं पाणी चोळायचं. "एक वेळ डोस चुकला तरी चालेल," मॅडम म्हणाल्या होत्या, "पण एकाच्या जागी दोन होऊ देऊ नका." हे मला कळलं कारण घरी आल्यावर रतनबाईंनी ते स्वयंपाक करता करता कितीदा तरी घोकलं.

सकाळची सुई काकासाहेब देत, संध्याकाळची रतनबाई. कधी यांना बाहेर जायचं असे, कधी त्यांचं डोकं दुखे, तेव्हा अदलाबदल होई. त्यासाठी त्यांनी घरचा एक रिवाज पाडला होता. ज्याने सुई दिली त्याने मोठ्याने म्हणायचं, "दिलं!" आणि दुसऱ्याने असेल तिथून, न्हाणीतून का होईना, उत्तर द्यायचं, "बरं!"

मित्रांनो, त्या दोन शब्दांवर मुकादम जगत होता. त्याचं अंग पुन्हा भरलं. तो पुन्हा माझ्या डोक्यावर उडी मारून चढू लागला. त्याचा उबदार भार अंगावर आला की मला माझ्या गंजाचा विसर पडे.

मग पेढे आले.

काकासाहेबांचा पुतण्या कल्याण याला मुलगा झाला. काकासाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन घरात आले ते नाचतच. पेढ्याचा तुकडा मोडून त्यांनी मुकादमाच्या तोंडात घातला. "घे रं, तुला बी भाऊ झाला!"

रतनबाई चुलीपासून उठल्या. "काय चारताय त्याला? मॅडम काय म्हनल्या हुत्या? तुमच्याच हातानं मारनार तुमी त्याला!"

आनंदाच्या भरात असलेल्या माणसाला असं कोणी बोललं की ते झोंबतं. काकासाहेबांना झोंबलं. आणि त्यांच्या तोंडून ते निघालं, जे इतकी वर्षं त्यांनी कधी मनात आलं तरी गिळलं होतं.

"मांजर हाय त्ये, पोटचं न्हाई. पोटचं दिलं असतंस तर मांजरामागं पळायची येळ आली नसती."

तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. रतनबाईंनी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातातून घेतला. पुडा तसाच माझ्यात ठेवला, दार लावलं आणि माझ्या दाराला कपाळ टेकून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. काकासाहेब ओट्यावर जाऊन बसले. त्यांना तेव्हाच लाज वाटली असणार, पण उठून आत यायला पाय उचलेनात.

त्या दिवसापासून अबोला सुरू झाला. याआधीच्या भांडणात निदान मुकादमाच्या मार्फत बोलणं व्हायचं. या वेळी तेही नाही. ताट वाढलेलं असायचं, जेवलेलं असायचं. सकाळची सुई काकासाहेब देत, संध्याकाळची रतनबाई, सवयीने. पण "दिलं" कोणी म्हणेना, कारण मग "बरं" म्हणावं लागलं असतं. मी कोपऱ्यातून बघत होतो आणि मला भीती वाटत होती. फ्रीजला भीती वाटते हे तुम्हाला खरं वाटणार नाही, पण वाटली.

एका सकाळी काकासाहेब उजाडताच घराबाहेर पडले. त्यांच्याबरोबर गाडीवर असलेल्या जुन्या कंडक्टरचं, बन्सीचं, शेजारच्या गावी दहावं होतं. सांगून गेले नाहीत. सांगणार कोणाला? रतनबाई उठल्या, तर अंथरूण रिकामं आणि उंबऱ्यात चपला नाहीत. त्यांनी मुकादमाला वाटीत खायला घातलं. मग त्यांच्या लक्षात आलं. आधी घास, मग सुई. घास तर आत्ता दिला, म्हणजे यांनी सुई दिलेली नसणार. त्यांचा हिशेब अगदी बरोबर होता.

त्यांनी माझं दार उघडलं. माझा दिवा लागला. बाटली तळहातांत फिरवत त्या पुटपुटल्या, "माज्यावरचा राग हाय तर माज्यावर काढावा मानसानं. ह्या मुक्या जिवाला कशाला औषदाबिगार ठिवायचं?" त्यांनी सुई दिली, डोळे पुसले, बाटली जागेवर ठेवली. मग दाराला कडी घालून त्या साळूबाईंच्या गच्चीवर कुरडया घालायला गेल्या.

इकडे काकासाहेब स्टँडवर पोचले, गाडी लागली, एक पाय पायरीवर ठेवला आणि त्यांना मुकादमाची आठवण झाली. त्यांनी गाडी सोडून दिली. घाम पुसत ते घरी आले. घरात कोणी नव्हतं. मुकादमाची वाटी चाटूनपुसून स्वच्छ होती. त्यांनीही मनात हिशेब केला. तिने खायला घातलंय, पण सकाळची सुई माझी, ती कशाला देईल? त्यांचाही हिशेब बरोबर होता.

त्यांनी मोबाईल माझ्या डोक्यावर ठेवला आणि माझं दार उघडलं.

माझा दिवा पुन्हा लागला. मित्रांनो, मला जेवढं ओरडता येतं तेवढं मी त्या दिव्यातून ओरडलो. मी घुरघुरलो. काकासाहेबांनी नुसतं माझ्या पाठीवर थोपटलं, जुनं यंत्र कुरकुरतंय म्हणून. मग मुकादमाची मान चिमटीत धरून ते त्याच्या कानाशी वाकले.

"लई वंगाळ बोललो रं मी तिला. आज सांजच्याला म्याच पयलं बोलतो. तू फकस्त मधी बसून ऱ्हा."

सुई देऊन, त्याला माझ्या डोक्यावर ठेवून ते घाईने पुन्हा गेले. मोबाईल तिथेच राहिला.

मुकादम थोडा वेळ माझ्या डोक्यावर पडून राहिला. मग खाली उतरला. एरवी तो उडी मारायचा, त्या दिवशी घसरत आला. वाटीपाशी गेला, रिकामी वाटी चाटली, पुन्हा पुन्हा चाटली. मग माझ्या मागे, जिथे उबदार असतं तिथे, शिरून बसला. तो थरथरत होता. माझ्या पोटात, त्याच्यापासून वीतभर अंतरावर, पेढ्यांचा पुडा होता. मला ते दार आतून उघडता येत नव्हतं.

दुपारी रतनबाई आल्या तेव्हा त्यांच्या हातांवर कुरडयांचा चीक वाळला होता. त्यांनी मुकादमाला ओढून बाहेर घेतलं. त्याचे मागचे पाय लुळे पडले होते, मान वाकडी झाली होती. त्यांची किंकाळी ऐकून साळूबाई धावत आल्या.

"लटपटतंय गं! मॅडमनी सांगितलं हुतं, गूळपानी..." रतनबाई डब्याकडे गेल्या आणि मधेच थांबल्या. "पर सुई तर येकच दिली मी. खाल्लं बी पोटभर त्यानं. साखर उतरंल कशी?" त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी दार उघडून पेढ्यांचा पुडा पाहिला. "ह्यांनीच चारलं असंल परत. साखर चढलीया त्याची. अन् म्या वर गूळ घालू?"

त्यांनी गुळाचा डबा पुन्हा लावून टाकला. ग्रेस मॅडमना फोन लावला, तो लागेना.

"काकासायबाला इचार की, काय चारलं त्ये," साळूबाई म्हणाल्या.

रतनबाईंनी आपला मोबाईल साळूबाईंच्या हातात दिला. "तू लाव. माजा आवाज निघायचा न्हाई."

साळूबाईंनी फोन लावला. आणि तो वाजला माझ्या डोक्यावर. "घ्या! इसरून गेलं जनू सकाळी," साळूबाई म्हणाल्या. फोन सकाळी विसरलेला नव्हता. माणूस मधे परत येऊन गेला होता, याचा तो पुरावा होता. तो माझ्या कपाळावर वाजत राहिला आणि कोणाला कळलं नाही. रतनबाई ओल्या फडक्याने मुकादमाचं अंग पुसत बसल्या. उन्हाने झालं असेल, म्हणत राहिल्या.

काकासाहेब आले तेव्हा मुकादमाला झटके येऊन गेले होते. उंबऱ्यातच ते थबकले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांचं न बोलणं मधे उभं होतं.

"सुई दिली म्या सकाळची," काकासाहेब म्हणाले. "माघारी येऊन दिली. मग असं का झालं?"

रतनबाईंच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"म्या बी दिली."

त्यानंतर गुळाचा डबा पालथा झाला, पाणी सांडलं, चिकट बोटं त्या मिटलेल्या हिरड्यांवर फिरली. शेजाऱ्यांचा टेम्पो आला. काकासाहेबांनी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि दोघे जामखेडकडे गेले. मी घरात एकटा घुरघुरत राहिलो. दिवेलागणीला ते परतले तेव्हा टॉवेलाने त्याचं तोंडही झाकलं होतं. मुकादम जामखेडला पोचायच्या आधी, वाटेतच गेला होता. परसात शेवग्याखाली त्यांनी त्याला पुरलं.

त्या घरात कोणी कोणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. भांडायलाही काही शिल्लक राहिलं नाही. आता दोघे सगळं सांगतात. "पानी भरलं." "बरं." "कडी लावली." "बरं." "गोळी घेतली." "बरं." दिवसभर हेच चालतं. जे शब्द वेळेला मिळाले नाहीत ते आता घरभर सांडलेले असतात आणि त्यांचा कोणाला उपयोग नाही.

मित्रांनो, मी गंजलो आहे. माझं यंत्र थकलं आहे, लवकरच भंगारवाला मला उचलून नेईल. जाण्याआधी एकच सांगतो. रागवा, भांडा, वाटलं तर महिनाभर जेवू नका. पण घरात जो जीव तुमच्या हातावर जगतो, मग ते मांजर असो, म्हातारं माणूस असो की लहान मूल, त्याच्यापुरतं तरी एकमेकांशी बोला. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.

बाटली अजून माझ्या दारात आहे. ती कोणी फेकायची हे ठरलेलं नाही. रोज संध्याकाळी रतनबाई येतात, दार उघडतात, माझा दिवा लागतो. त्या बाटली तळहातांत हळूच फिरवतात आणि पुन्हा जागेवर ठेवतात. तोंडाने काही म्हणत नाहीत. दार लागल्याचा आवाज ओट्यापर्यंत जातो, आणि अंधारात बसलेले काकासाहेब तिथून म्हणतात, "बरं."