वाफेतून निघालेली बाटली

मी बाळांच्या वॉर्डातली काचेची बाटली बोलतेय. वेळ थोडा आहे, म्हणून आजच्या दिवसापुरतंच सांगते.

सकाळी औषधं बनवणाऱ्या ताईंनी माझ्या पोटात थंड पाणी आणि ग्लुटामाइन भरलं. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं हे एक, आणि फारच नाजूक. पाण्यात नुसतं ठेवलं तरी दिवसागणिक झिजतं, आच लागली की भराभर मोडतं. म्हणून ताई ते कधी तापवत नाहीत. जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात.

मी होते नऊ दिवसांच्या एका पोरासाठी. आतड्याचं ऑपरेशन झालेलं, तोंडाने थेंबही चालत नाही, यकृत अजून कच्चं.

ताई जेवायला गेल्या आणि त्यांच्या जागी काका आले. वाफेने जंतू मारायच्या यंत्रावर त्यांची वीस वर्षं गेलेली. माणूस इतका जपणारा, की धुतलेला कपही पुन्हा विसळून घेतो.

"हे नुसतं गाळलंय?" मला उचलून त्यांनी मला न्यायला आलेल्या सिस्टरला विचारलं.

"ताई तसंच करतात, काका."

"ताई शिकलेल्या आहेत गं, पण जंतूंनी कुठे पुस्तकं वाचलीत? लेकराच्या रक्तात जायचंय हे. एक वाफ देतो, जिवाला घोर नको."

सिस्टर हसली. अडवलं नाही.

एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं. माझ्या पोटात ग्लुटामाइनचे कण स्वतःभोवतीच वळून मिटत गेले आणि मिटताना अमोनिया सोडत गेले. सगळे नाहीत, पण कितीतरी. रक्तात साचला तर अमोनिया मेंदूला विष, आणि तो निस्तरायचा त्या कच्च्या यकृताने. झाकण घट्ट, त्यामुळे वासही बाहेर आला नाही.

आता मी बाळाच्या उशाशी टांगलेली आहे.

"याने अंग धरेल ना हो सिस्टर?" आई विचारतेय.

"धरेल की! आज तर काकांनी जास्तच काळजी घेतलीय. ही चिकटपट्टी बघा, वाफ नीट लागली की काळी होते."

आईने त्या काळ्या रेघांवरून हळूच बोट फिरवलं.

ताई, जेवण झालं असेल तर लगेच या. तुम्हाला माझ्या गळ्यातली ही पट्टी लांबूनही कळेल. सिस्टरने थेंब अडवून धरणारी नळीची चकती सैल केलीय. थेंब सुटलाय, आणि नळी हातभरच लांब आहे.