पाठीवर पुस्तक पेलणारा गरुड

मी गरुड बोलतोय. आभाळात घिरट्या घालणारा नव्हे, लाकडाचा. चर्चमध्ये वेदीच्या बाजूला उभं राहायचं आणि पसरलेल्या पंखांवर पवित्र शास्त्राचं जाडजूड पुस्तक पेलायचं, हे माझं काम. वाचणारा माझ्या पाठीमागे उभा राहतो. त्यामुळे त्याचं तोंड मला कधी दिसत नाही, फक्त पंखांवर टेकलेले त्याचे हात कळतात. समोर बसलेल्यांचे चेहरे मात्र मी मनसोक्त पाहतो. जांभया, डुलक्या, चोरून पुसलेले डोळे, सगळं.

मला घडवणाऱ्या सुतारानं जन्मात गरुड पाहिला नव्हता. चौकटी, पाळणे आणि शवपेट्या करण्यात त्याची हयात गेलेली. पाळकांनी त्याला एक चित्र दिलं, पण त्यात पाय ढगात लपलेले होते. मग त्यानं शेजारणीचा कोंबडा उचलून आणला, टेबलावर उभा केला आणि त्याच्यावरून माझे पाय कोरले. मानेतही थोडा कोंबडा उतरलाच. मला चर्चमध्ये आणलं त्या दिवशी पहिल्या बाकावरची पोरं खुसुखुसू हसायला लागली. सुताराला कुठं तोंड लपवू असं झालं.

पाळक समजूतदार माणूस. त्यांनी त्या दिवशी मुद्दाम तो भाग वाचला, जिथं प्रभू शहराकडे बघून हळहळतो, की कोंबडी पिल्लांना पंखांखाली घेते तसं मला तुम्हांला जवळ घ्यायचं होतं, पण तुम्ही आला नाहीत. वाचून झाल्यावर ते म्हणाले की आपल्या सुतारानं दोन्ही पक्षी एकाच लाकडात बसवले, तेवढंच लाकूड वाचलं. लोक हसले. सुतारही हसला.

पुढे वर्षानुवर्षं ऐकून ऐकून मला त्या पुस्तकातले सगळे पक्षी ओळखीचे झाले. बाजारात कवडीमोल विकल्या जाणाऱ्या चिमण्या, ज्यांतली एकही देवाच्या नजरेआड जमिनीवर पडत नाही. ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांनी मंदिरात नेलेली पारव्यांची जोडी. थकलेल्यांना पुन्हा पंख फुटतील, ते गरुडासारखे वर जातील, हे वचन वाचलं जाई तेव्हा मी जरा छाती काढायचो. पण लगेच दुसऱ्या आठवड्यात नियमशास्त्रातली यादी यायची. कोणते पक्षी अशुद्ध, कोणते खायचे नाहीत. त्यात आधी माझं नाव, आणि थोडं पुढे कावळ्याचं. गर्वाचं घर तिथंच खाली व्हायचं.

माझ्या पाठीशी सगळ्यांत जास्त काळ उभा राहिला तो शिंपी. त्याच्या बोटांना सुई टोचून टोचून घट्टे पडलेले. आवाज खणखणीत, उच्चार इस्त्री केल्यासारखे. त्याची बायको तिसऱ्या बाकावर बसायची आणि तिच्या शेजारी त्यांची एकुलती एक मुलगी. मुलगी अखंड बडबडी. उपासना संपली रे संपली की तिचं तोंड सुरू. शिंपी तिला लाडानं ‘कावळी’ म्हणायचा. “चल गं कावळे, घरी जाऊन कावकाव कर,” म्हणायचा आणि तिला खांद्यावर घेऊन निघायचा.

ती मोठी झाली. शिंप्यानं एका कापडवाल्याच्या मुलाशी तिचं जमवलं. तिच्या मनात वेगळंच. तिला स्वयंपाकाची आवड, आणि मोठ्या शहरातल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जागा मिळाली होती. बापलेकीचं कडाक्याचं वाजलं. परक्यांची खरकटी भांडी उपसायला मी तुला वाढवलं का, असं तो म्हणाला, आणि तिनंही तोडीस तोड उत्तर दिलं. ती निघून गेली. त्यानंतर घरात तिचं नाव काढायचं नाही, असा त्यानं नियमच केला. कोणी विचारलंच तर एकच उत्तर, “गेली ती गेलीच.”

तिसऱ्या बाकावर शिंपीणबाईंच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. बाई तिथं आपली पिशवी ठेवायच्या, दुसरं कोणी बसू नये म्हणून.

जलप्रलयाचा भाग वाचताना मला शिंप्याचं मन कळायचं. पाणी ओसरलं का ते पाहायला म्हाताऱ्यानं तारवातून, त्या मोठ्या नावेतून, आधी कावळा सोडला, ही ओळ तो घाईघाईनं उरकायचा. कबुतर चोचीत कोवळं पान घेऊन परत आलं, इथं मात्र रेंगाळायचा. परत येणाऱ्याचं त्याला कौतुक होतं.

मग एका रविवारी दुष्काळातल्या संदेष्ट्याचा भाग वाचायचा होता. राजाच्या भीतीनं तो ओढ्याकाठी लपलाय, जवळ अन्नाचा कण नाही, आणि देव म्हणतो की तुला खाऊ घालायला मी कावळ्यांना सांगितलंय. शिंप्यानं वाचायला सुरुवात केली. “आणि कावळे त्याच्याकडे सकाळी भाकर...” इथं आवाज अडकला. त्यानं खाकरून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथंच.  लोक एकमेकांकडे बघू लागले.

तिसऱ्या बाकावरून शिंपीणबाई उठल्या. आजवर चारचौघांत त्यांनी कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. त्या आल्या, नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि उरलेला भाग त्यांनी अडखळत, पण शेवटपर्यंत वाचला.

उपासना संपली, लोक पांगले. दोघं मात्र माझ्यामागे तशीच उभी होती.

“अहो,” बाई म्हणाल्या, “गेली ती गेलीच म्हणता. पण तो तारवातला कावळा बुडाला, असं कुठं लिहिलंय? पाणी आटेपर्यंत तो येत-जात राहिला, असंच तर तुम्ही वाचता.”

शिंपी पुस्तक मिटायला लागला.

“कबुतर आलं तेव्हा त्या म्हाताऱ्यानं हात बाहेर काढून त्याला आत घेतलं. कावळ्यासाठी काढला होता का कुणी हात?”

 शिंप्यानं हळूच विचारलं, “कुठं असते ती? ठाऊक आहे तुला?”

“आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. तुम्ही विचारायची वाट बघत होते.”

पुढच्या रविवारी तिसरा बाक सबंध रिकामा होता आणि वाचायला पाळक स्वतः उभे राहिले. ती दोघं परतली तेव्हा शिंपी आधी चर्चमध्येच आला आणि माझ्या पंखाला टेकून त्यानं पाळकांना सगळं सांगितलं. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भली मोठी पातेली, वाफ, धावपळ. मुलगी यांना बघून जागच्या जागी थांबली.  आत गेली, ताट वाढून आणलं आणि समोर ठेवलं. शिंप्याला माफी मागायची होती, वाटेत त्यानं वाक्यंही जुळवली होती. ऐनवेळी सगळी विसरला.

“मी जेवलो,” शिंपी म्हणाला, “आणि म्हटलं, मीठ अगदी बरोबर पडलंय. तेवढंच सुचलं बघा. ती रडली, हसली आणि मग जी बोलायला लागली, ती आम्ही निघेपर्यंत थांबली नाही.”

त्यानंतर ती सुट्टीला येऊ लागली. राहायला कायमची आली नाही, आणि शिंप्यानंही तसा हट्ट धरला नाही. बाईंची पिशवी पुन्हा मांडीवर गेली.

माझे दिवस मात्र फिरले. जुने पाळक निवृत्त झाले, नवे आले. चर्चमध्ये माईक लावलेला स्टीलचा चकचकीत स्टँड आला. मला मागच्या खोलीत नेऊन ठेवलं, बादल्या, केरसुण्या आणि मोडक्या बाकांच्या सोबतीला. एक बाक घसरून अंगावर आला आणि डाव्या पंखाचं टोक उडालं. सुतार केव्हाच देवाघरी गेला होता. तिथं कोणी वाचत नसे. ऐकायला मिळत नाही म्हणजे काय होतं, हे मला त्या खोलीत कळलं.

माझी आठवण झाली ती शिंप्याच्या मुलीला. इस्पितळात रोग्यांच्या नातेवाइकांसाठी एक खोली होती. तिथं माणसं तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायची. तिनं नव्या पाळकांना विचारलं, ते आनंदानं हो म्हणाले. शिंप्यानं मला जुन्या पडद्यात गुंडाळलं, दोरीनं बांधलं आणि टेम्पोत माझ्याशेजारी स्वतः बसला. मुलीनं पंखाचं टोक डिंकानं चिकटवलं आणि पंखांवर पुन्हा पुस्तक ठेवलं. चीर अजून दिसते. दिसू दे.

या खोलीत नाना तऱ्हेची माणसं येतात. कुणी वाचतं, कुणी नुसता पंखावर हात ठेवतं. हल्ली एक घड्याळजी येतात. यहुदी आहेत. बायको आत आजारी. त्यांचं पुस्तक त्यांच्याजवळ असतं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. मला पाहून ते पहिल्यांदाच जरा हसले. शिंपी लेकीला भेटायला आला होता, तोही तिथंच चहा पीत बसलेला. घड्याळजींनी मुलीला सांगितलं की गरुड पिल्लांना पाठीवर वाहतो, हे त्यांच्याही पुस्तकात आहे, आणि त्यांच्या जुन्या गुरूंनी त्याचं कारणही सांगून ठेवलंय. बाकीचे पक्षी पिल्लांना पायांत धरून नेतात, कारण त्यांना वरून झडप घालणाऱ्याची भीती असते. गरुडाच्या वर कोणी उडत नाही. त्याला भीती खालून येणाऱ्या माणसाच्या बाणाची. म्हणून तो पिल्लू पाठीवर घेतो.

“मग बाण आला तर?” मुलीनं विचारलं.

“आला तर गरुडाला लागेल. पिल्लाला नाही.”

शिंप्यानं कप खाली ठेवला. “पुन्हा एकदा सांगा,” तो म्हणाला. घड्याळजींनी पुन्हा सांगितलं, सावकाश.

त्यांची बायको अजून आतच आहे. पण काल तिनं पेज मागून घेतली. मुलगी स्वतः घेऊन गेली आणि रिकामी वाटी हातात नाचवत परत आली. घड्याळजींनी ती वाटी दोन्ही हातांत धरली आणि उलटीपालटी करून पाहिली, दुरुस्त झालेलं घड्याळ पाहावं तशी.

माझं एवढंच मागणं आहे. कधी तुमच्यावर अशा खोलीत बसायची वेळ आली, तर भिंतीकडे बघत बसू नका. उठा, माझ्यामागे या, कुठलंही पान उघडा. आवाज कापला तरी चालेल. वाचताना अडलात तर खोलीतलं कोणीतरी उठून येईल. आणि तुम्हीच बाकावर बसलेले असाल नि दुसरं कोणी अडलं, तर तुम्ही उठा.

थांबा. दाराशी कोणीतरी चपला काढतंय. बाई आहे, एकटीच आहे, आणि आत यावं की नाही हे तिचं ठरत नाहीये. घड्याळजींनी पाहिलं वाटतं. ते सरकून बाकावर जागा करताहेत.