ठेवीतला ढावलो

ढावलो रडायचा असतो की म्हणायचा, यावर तांड्यात एकमत नाही. तो एकटीनं म्हणायचा नसतो, यावर आहे. लग्न ठरलेली मुलगी समोरच्या बाईच्या गळ्यात पडते आणि सुरात रडते. शब्द आजी-पणजीचे, डोळ्यांतलं पाणी स्वतःचं. मानोऱ्याजवळच्या त्या बंजारा तांड्यात हे सगळ्यांत चांगलं जमायचं ते सुंदरबाईला. ती गेल्यावर तिच्या नवऱ्याच्या, भाऊसिंगच्या लक्षात आलं की तिचा लांबलचक ढावलो पुरता कुणालाच येत नाही. बायकांना सुरुवात यायची. पुढे त्या नुसत्याच रडायच्या.

आता नात निताचं लग्न तोंडावर आलं होतं आणि ती अडून बसली होती. आजीचा ढावलो म्हटल्याशिवाय तांडा सोडणार नाही. डीजेवाल्यानं विदाईचं हिंदी गाणं फुकट लावून देतो म्हटलं, तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती.

आवाज होता एकाच जागी, मानोऱ्याच्या सतीशकडे. त्यानं काही वर्षं इंटरनेटवर एक मासिक चालवलं होतं आणि त्यात सुंदरबाईचा अख्खा ढावलो ऐकायला ठेवला होता. पुढे मासिक बंद पडलं, वेबसाइट गेली, कॉम्प्युटर भंगारात गेला. मात्र डोकं खाजवता खाजवता सतीशला आठवलं की प्रत्येक अंक तो एका मोठ्या संशोधन ग्रंथालयाला पाठवायचा. छापील पुस्तकाची प्रत जमा करतात, तशी तिथे डिजिटल अंकांचीही ठेव घेतात. त्याच्या मासिकाचा तेवढाच एक नियमित वर्गणीदार होता, आणि तो वाचतो की नाही, हे कधी कळलं नव्हतं.

त्या ग्रंथालयाचं एक वाचनकेंद्र वाशीमलाच निघालं. भाऊसिंग निताला घेऊन बसनं गेला. दारात त्यानं चपला काढल्या, पोहरादेवीच्या देवळात काढतो तशा. आतल्या बाईंनी घालून या म्हटलं, पण एकदा काढल्यावर त्याला ते बरं वाटेना.

त्या बाई म्हणजे ग्रंथपाल योगिनी. तिनं नियम सांगितले. ठेवीतलं काहीही इथल्या या एकाच कॉम्प्युटरवर पाहायचं, ऐकायचं. एका वेळी एकच माणूस. प्रत काढायची नाही, मोबाइल बाहेर ठेवायचा, आवाज करायचा नाही.

"कोनाले नेऊच द्याचं नाई, तं मंग ठेवलं कायले?" भाऊसिंगनं विचारलं.

"हरवू नये म्हणून, काका."

मग तिनं समजावून सांगितलं. ढावलोच्या तीन प्रती आहेत, तीन वेगळ्या शहरांत. एक शहर पाण्याखाली गेलं तरी दोन उरतील. यंत्र ठरल्या वेळी प्रत्येक प्रत तपासतं. कुठे कणभर जरी बिघडलं तरी दुसरीवरून दुरुस्त करतं. आवाज साठवायची पद्धत जुनी झाली की नव्या पद्धतीत उतरवून घेतं, आणि मूळही जपून ठेवतं. कुणी मागो, न मागो. ढावलो मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. आज हे दोघं पहिले.

तांड्यात सुंदरबाईचं नाव निघेनासं झालं होतं, आणि तीन परक्या शहरांत कोणीतरी तिला रोज हाक मारून ठीक आहेस ना, म्हणून विचारत होतं.

"एवडी इचारपूस तं तिच्या माहेरच्याइनंबी नाई केली, बाई," तो म्हणाला आणि त्यानं कॉम्प्युटरला हात जोडले. योगिनीला वाटलं आपल्यालाच, तिनंही जोडले.

केंद्र बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता. नितानं हेडफोन आधी त्याच्यापुढे धरले. तो ते हातात घेऊन पाहत राहिला. त्या दोन गोळ्यांत बायको होती. मग त्यानं ते नातीच्याच कानांवर चढवले. आपल्याला कुठे नांदायला जायचंय, असं काहीतरी आपल्या गोरमाटी बोलीत पुटपुटला आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसला.

निता ऐकत गेली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून. ओठ हलत होते. इथवर सगळं नियमात होतं.

पण ढावलो तोंड मिटून शिकता येत नाही, आणि पडायला समोर गळा नसेल तर मुळीच नाही. वेळ होत आली हे सांगायला योगिनी जवळ गेली आणि खांद्याला हात लावला. निता डोळे मिटूनच उठली, वायर पोचेल तेवढी पुढे आली आणि तिच्या गळ्यात पडली. कानांवर हेडफोन असल्यानं आपण किती मोठ्यानं रडतोय, हे तिला कळत नव्हतं. बाकी सगळ्यांना कळत होतं. स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांनी चालू घडामोडींतून माना वर केल्या.

योगिनीचा हात 'शांतता राखा'च्या पाटीकडे निघाला होता. तो मध्येच थांबला, आणि मग निताच्या पाठीवर आला. नियमात प्रत काढायला मनाई होती. पण ही जी निघत होती तिला प्रत म्हणायचं का, याबद्दल नियमात काही नव्हतं.

भाऊसिंग ऐकत होता. बायका जिथे थांबायच्या ती जागा मागे गेली होती आणि पुढचा ढावलो येतच होता, एका कडव्यातून दुसऱ्यात. मग एका ठिकाणी निता थांबली आणि बारीकसं खोकली. तिचा घसा चांगला होता. तिनं जसं ऐकलं, तसं घेतलं होतं.

त्याच कडव्याशी सुंदरबाई खोकायची. भाऊसिंगला हे आठवायच्या आधीच त्याचे पाय निघाले होते. आत पाणी नेऊ नये, असं दाराबाहेरच्या पाण्याच्या फिल्टरच्या वर ठळक लिहिलेलं होतं. तो भरलेला ग्लास घेऊन आत आला आणि ढावलो संपेपर्यंत तसाच उभा राहिला.